मळलेली कड

गाडीबाईला गाडीवरून उतरवून नऊ वर्षं झाली होती, पण तिचं नाव काही उतरलं नव्हतं. चौदा वर्षं ती फिरत्या वाचनालयाच्या निळ्या गाडीवर होती. आतली बाकडी काढून फळ्या ठोकलेल्या, वळणावर पुस्तकं अंगावर पडू नयेत म्हणून प्रत्येक फळीला आडवी दोरी, आणि मागच्या दारात ही उभी. अंगाने बुटकी, आवाजाने मात्र शाळेच्या घंटेला भारी. खेड्यातल्या शाळेपुढे गाडी थांबली की ती पोरांना एकच दम भरायची. "पुस्तक घरी न्यायचं. जेवताना वाचा, लोळत वाचा, झाडावर बसून वाचा. फाटलं तर घेऊन या, मी चिकटवीन. पण न वाचता परत आणलंत, तर गाठ माझ्याशी आहे."

पोरं तिला भीत होती आणि पुस्तकं फाडत होती. दोन्हींचा तिला सारखाच अभिमान होता.

मग कचेरीत नवे साहेब आले. त्यांच्या खिशात स्टीलची फुटपट्टी असायची. टेबल दिसो, फळी दिसो, हात आपोआप तिच्याकडे जायचा, म्हणून पाठीमागे सगळी कचेरी त्यांना फुटपट्टीच म्हणायची. सेवेचं मूल्यमापन करायला ते दोन दिवस फिरले. मुख्याध्यापकांकडून छापील तक्ते भरून घेतले आणि पुस्तकं मोजली. फाटलेली वेगळी, हरवलेली वेगळी. एकाही पोराला त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या मार्गावरच्या गाडीची पुस्तकं कोरी करकरीत निघाली. गाडीबाईच्या मार्गावर तीनशे फाटकी आणि नव्वद बेपत्ता. अहवालात एक ओळ आली आणि तिथून ती तिच्या सेवेच्या फायलीत जाऊन बसली: 'सदर कर्मचारी पुस्तकांच्या जपणुकीबाबत बेफिकीर असल्याचे आढळले.'

तिची गाडी गेली. कचेरीच्या मागे बांधणीची खोली होती, तिथे तिला फाटकी पुस्तकं शिवायला बसवलं. गाडी आता नुसत्या पेट्या पोचवू लागली. नवा नियम साहेबांचा: पुस्तकं शाळेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि एक पुस्तक जरी हरवलं तरी जाब त्यांना. आता एवढं ऐकून कोण शहाणा कपाट उघडील? पुस्तकं फाटायची थांबली. साहेबांना बढती मिळाली.

ती ओळ गाडीबाईला तोंडपाठ होती. भांडी घासताना, जिना चढताना, डोळा लागण्याआधी ती तिच्या जिभेवर यायची. ज्या हाताने ती लिहिली त्याच हाताने, चारचौघांदेखत, ती खोडली जावी. दोन वर्षांनी निवृत्त व्हायच्या आत तिला दुसरं काही नको होतं.

बांधणीची खोली लांबट होती. एका टोकाला खिडकी, मधे खळीच्या डागांनी टणक झालेलं टेबल, त्यावर दाभण, मेण लावलेला दोरा, पुठ्ठ्यांची चळत, आणि कोपऱ्यात पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र. तिथल्या म्हाताऱ्या बांधणीवाल्याने निवृत्त होण्याआधी तिला सगळं शिकवलं. शिवण, खळ, पुठ्ठा, आणि एक गोष्ट जी कुठल्याच नियमात नव्हती. मिटलेल्या पुस्तकाची पानं जिथून उघडतात ती कड तो तिच्या डोळ्यांसमोर धरायचा. "ही बघ. जिथवर बोटं लागली तिथवर मळकी, पुढे पांढरी. तिसाव्या पानावर सोडलं असेल तर तिसाव्या पानावर रेघ दिसते. इतर लोक बांधून झालं की कड कापून साफ करतात. तू कापू नकोस. ही पुस्तकाची हजेरी आहे."

तिने कधीच कापली नाही. तिच्या जुन्या मार्गावरची फाटकी पुस्तकं, आणि शिवण सैल झालेली जवळपास तेवढीच, सगळ्यात आधी तिच्याकडे आली होती. एकेकाची कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काळी. तिने ती मन लावून शिवली, नवे पुठ्ठे चढवले आणि मागच्या भिंतीच्या लोखंडी कपाटात ठेवली. पेट्यांत भरायला मागणी आली की ती दुसरीच कुठली तरी पुस्तकं काढून द्यायची. त्या फुटपट्टीच्या कुलपात माझी पुस्तकं मरायला द्यायची? तिने कपाटाची किल्ली कमरेला खोचली आणि विषय संपवला.

घरी तिची नणंद होती. दोघी विधवा, दोघींची एकच दोन खोल्यांची जागा, खाली शिंप्याचं दुकान. नणंद टेलिफोनच्या कचेरीत आयुष्य काढलेली, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकायची आणि मधेच तोडायची, दोन्ही सवयी पक्क्या.

"वहिनी, नऊ वर्षं डूख धरायला नागीण लागते," ती म्हणायची. "तुला गुडघेदुखी आहे. झेपेल ते कर."

"वन्सं, गुडघ्याने कुणी डूख धरत नाही."

"मग त्या माणसाच्या तोंडावर जाऊन बोल एकदा. रोज मला काय ऐकवतेस? मी नाही लिहिली ती ओळ."

तोंडावर जायची वेळ आपोआप आली. विद्यापीठातून एक संशोधक मुलगी आली. केस आखूड, पाठीवर पिशवी, पिशवीत गुंडाळलेले मोठे कागद आणि खडू. फिरती वाचनालय सेवा पुढे चालवायची की पेट्या कायमच्या शाळांना देऊन गाडी विकून टाकायची, हे ठरवायचं होतं, आणि त्यासाठी नव्याने मूल्यमापन होणार होतं. साहेबांनी तिला तक्ते दाखवले. तिने ते बाजूला ठेवले. "ज्यांच्यासाठी गाडी आहे तेच तिची परीक्षा घेतील," ती म्हणाली. "प्रश्न मुलं ठरवतील, मोजतील मुलं आणि लिहितीलही तीच. मी फक्त मदतीला." साहेब दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. जाता जाता एक गोड अहवाल मिळेल या हिशेबाने त्यांनी मान डोलावली, आणि रस्ते ठाऊक असलेलं जुनं माणूस म्हणून गाडीबाईला तिच्याबरोबर दिलं. कुऱ्हाडीला दांडा आपण होऊन पुरवणं म्हणतात ते हे.

पहिल्याच शाळेत मुलीने नियम सांगितले. गाडीबाई मागे भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटचा नियम ऐकून ती सरळ झाली.

"ज्या माणसाबद्दल आपण वाक्य लिहू, त्याला ते सगळ्यांसमोर आधी वाचून दाखवायचं. तो म्हणाला खोटं आहे, आणि काम जाणणाऱ्या एका माणसाने त्याला दुजोरा दिला, तर वाक्य गाळायचं. नाहीतर राहील."

"सगळ्यांना हा नियम?" गाडीबाईने विचारलं.

"सगळ्यांना, मावशी."

"साहेबांनाही?"

"हो. त्यांनाही."

"मग हा नियम मोडू नकोस, पोरी. काही झालं तरी मोडू नकोस." ती एवढ्या कळकळीने म्हणाली की मुलीने ते वहीत टिपून घेतलं.

आठ दिवसांत चार शाळा झाल्या, प्रत्येक ठिकाणी तिथलीच मुलं कामाला. कागदावर गावाचा नकाशा काढून पुस्तक कुठे कुठे जातं त्या जागी खडे ठेवायचे, असा खेळ होता. जवळपास सगळे खडे कपाटावर पडायचे. पाचवी शाळा साहेबांची लाडकी. तिथल्या कपाटाला काच होती, आत चारशे पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, आणि पाहुणे आले की त्यांना आधी ते कपाट दाखवायचे. त्या दिवशी साहेब मुद्दाम आले होते. मुख्याध्यापकांनी किल्ली शोधायला इतका वेळ लावला की एक पोरगी हसली.

ती तिथलीच, सहावीतली. जाड काचांचा चष्मा, म्हणून सगळे तिला दुर्बीण म्हणत. तिनेच विचारलं, "पुस्तकं वाचलीत की नाही, हे कसं मोजायचं? विचारलं तर सगळे हो म्हणतात."

गाडीबाई नऊ वर्षं या प्रश्नाची वाट बघत बसली होती. तिने पिशवीतून एक जुनं पुस्तक काढलं, मुलांच्या डोळ्यांसमोर त्याची कड धरली, आणि म्हाताऱ्याने शिकवलं ते जसंच्या तसं त्यांना शिकवलं. तिला घाई नव्हती. बोलताना तिने साहेबांकडे एकदाही पाहिलं नाही. त्याची तिला खूप गंमत वाटत होती.

मुलं कपाटावर तुटून पडली. मळकी इकडे, पांढरी तिकडे. पांढरा ढीग वाढत वाढत बाकाच्या वर गेला. मग दुर्बिणीला आणखी एक गोष्ट सापडली. चित्रांच्या पुस्तकांची गुळगुळीत पानं छापखान्यातून आल्यापासून एकमेकांना चिकटलेली होती, आणि पहिल्यांदा उघडताना ती करकर वाजत. मग काय, वर्गभर करकर सुरू झाली. चारशेतली तीनशे नव्वद न वाचलेली निघाली. मुख्याध्यापक खिडकीबाहेर काही दिसतंय का ते बघू लागले.

"मुलं हात धुऊन वाचत असतील," साहेब म्हणाले.

"साहेब," दुर्बीण अगदी भाबडेपणाने म्हणाली, "आमच्या शाळेत नळ नाही."

वर्ग खो खो हसला. साहेबांचा हात खिशातल्या फुटपट्टीवर गेला आणि तिथेच राहिला. गाडीबाईने त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होताना पाहिल्या. नऊ वर्षांचं उट्टं असं एका करकरीत निघेल हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती जिना गुडघा न धरता चढली आणि नणंदेला सगळी हकीकत दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा साहेबांचे कान जरा जास्त लाल झाले होते.

इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण जिंकलेल्या माणसाला आपलं घर दाखवायची हौस असते.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण म्हणाली, "वाचलेली पुस्तकं कशी असतात ते आम्हाला बघायचंय. खूप वाचलेली."

"चला माझ्याकडे," गाडीबाई म्हणाली.

बारा मुलं आणि संशोधक मुलगी बांधणीच्या खोलीत दाटीवाटीने उभी राहिली. गाडीबाईने कमरेची किल्ली काढली, लोखंडी कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि बाजूला झाली. वरपासून खालपर्यंत पुस्तकंच पुस्तकं, सगळ्यांची पाठ आत आणि कड बाहेर, मुद्दाम तशी लावलेली, सगळ्या कडा काळ्याभोर. मुलांनी तोंडात बोटं घातली. हे परीचं, हे चोराचं, हे पाण्याखालच्या प्राण्यांचं. हे तर इतकं वाचलं होतं की त्याला तीनदा शिवावं लागलं. ती सांगत होती आणि मुलं पुस्तकं हातात घेत होती, जागेवर बसत होती, वाचायलाच लागली होती.

दुर्बीण वाचत नव्हती. तिने एका पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथे तारखांचा कागद चिकटवलेला असतो. पुस्तक दिलं की त्यावर शिक्का मारतात. तिने दुसरं पुस्तक पाहिलं, मग तिसरं.

"गाडीबाई, सगळ्यांचा शेवटचा शिक्का एकाच वर्षाचा आहे."

"हो. मला गाडीवरून उतरवलं त्या वर्षाचा."

"मग त्यानंतर ही कुणी वाचली?"

गाडीबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्या कुलपात मेली असती म्हणून मी जपली, हे उत्तर नऊ वर्षं तयार होतं. तेव्हाच तिला स्वतःच्या हातातली किल्ली दिसली, आणि कपाटाच्या कोयंड्यात लोंबणारं कुलूप दिसलं. संशोधक मुलीने वही काढली, उघडली, आणि काही न लिहिता तशीच धरून ठेवली.

"मोज," गाडीबाई दुर्बिणीला म्हणाली. "मोजायला आलात ना."

सहाशे बारा भरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतः बांधणीच्या खोलीत आले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. बसायला जागा नव्हती, तिने दिलीही नाही.

"बाई, उद्या वाक्यं वाचली जाणार," ते म्हणाले. "एक माझं, एक तुमचं. मला कळलंय सगळं."

"बरं."

"काम जाणणारं माणूस म्हणाल तर इथे आपण दोघंच. तुम्ही म्हणा, कड पांढरी असली म्हणून वाचलं नाही असं होत नाही. मी म्हणतो, ती सहाशे पुस्तकं दुरुस्तीत होती. दोन्ही वाक्यं गळतील." ते थांबले. "आणि तुमच्या फायलीतली ती ओळ. माझ्या सहीने गेली, माझ्याच सहीने खोडता येते. उद्या सकाळीच खोडतो. हवं तर सगळ्यांसमोर."

गाडीबाई खळ ढवळत होती. ढवळायचं तिने थांबवलं नाही. ज्यासाठी तिने नऊ वर्षं दातओठ खाल्ले होते ते तिच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. त्याच हाताने, चारचौघांदेखत.

"विचार करते," ती म्हणाली.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने नणंदेला सांगितलं. नणंदेने मधे एकदाही तोडलं नाही, आणि ते नवलच होतं.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून," शेवटी ती म्हणाली. "म्हण चांगली आहे. दोघांनाही बसते."

"वन्सं, मीठ चोळू नका."

"मग ऐक. घे ती ओळ खोडून. बिनडागाची निवृत्त हो. पोरं काय, दोन दिवसांत विसरतील."

"ती चष्मेवाली नाही विसरणार."

"तिच्यासाठी करतेस होय सगळं?"

गाडीबाईने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ती म्हणाली. "त्याचं वाक्य गळलेलं मला बघवणार नाही. माझं राहिलं तर राहू दे, पण त्याचं गळता कामा नये."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," नणंद म्हणाली आणि दिवा मालवायला उठली.

सभा साहेबांच्या लाडक्या शाळेतच होती. मुलं जमिनीवर, पालक मागे, साहेब आणि मुख्याध्यापक खुर्च्यांवर. साहेबांनी गाडीबाईच्या सेवेची फाईल आणली होती, ती त्यांच्या मांडीवर होती. गाडीबाईला तिचा पिवळा पुठ्ठा लांबूनही ओळखू आला. साहेबांनी खिशातून पेन काढून फायलीवर ठेवलं आणि तिच्याकडे बघून हलकेच मान हलवली.

दुर्बिणीने वाचलं, "'या शाळेच्या कपाटातली चारशेपैकी तीनशे नव्वद पुस्तकं कुणीही वाचलेली नव्हती. कपाटाला कुलूप लावायचा नियम साहेबांनी केला.'"

"हे चुकीचं आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "कडेवरून काही सिद्ध होत नाही. काम जाणणाऱ्या बाई इथे आहेत, त्यांना विचारा."

सगळे वळले. गाडीबाई उभी राहिली. तिने साहेबांकडे पाहिलं, मांडीवरच्या फायलीकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं. एवढा वेळ तिने त्यांच्याकडे आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"वाक्य खरं आहे," ती म्हणाली. "शब्दन् शब्द खरा आहे. ठेवा."

साहेबांनी पेन उचलून परत खिशात घातलं. तिने ते डोळे भरून पाहिलं, खोटं कशाला बोला.

"आता दुसरं," संशोधक मुलगी हळू म्हणाली. "मावशी, तुमचं आहे. बसून ऐका."

"उभीच बरी."

दुर्बिणीचा आवाज या वेळी जरा बारीक झाला. "'बांधणीच्या खोलीत सहाशे बारा पुस्तकं नऊ वर्षं कुलपात होती. ती सगळ्यात जास्त वाचलेली पुस्तकं होती. कुलूप गाडीबाईंनी लावलं.'"

"चूक आहे," गाडीबाई म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. आता ही आपल्याकडे दुजोरा मागणार आणि आपण तो देणार नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"सहाशे बारा नाहीत. सहाशे चौदा. दोन माझ्या घरी आहेत, उशाशी."

दुर्बिणीने आकडा खोडला, नवा लिहिला आणि वहीवर फुंकर मारली. गाडीबाईने कमरेची किल्ली काढून तिच्या पुढ्यात ठेवली. खाली वाकताना गुडघा कटकन वाजला आणि कुणीतरी हसलं, पण तिने त्याला दम भरला नाही.

गाडी विकली गेली नाही. कपाटांची कुलपं निघाली, बांधणीच्या खोलीतलंही निघालं, आणि महिन्याभरात पहिली दोन पुस्तकं फाटून तिच्याकडे शिवायला आली. तिला मात्र गाडीवर परत घेतलं नाही. साहेब निवृत्त झाले ते फाईल तशीच ठेवून, आणि नव्या अहवालातली तिच्याबद्दलची ओळ त्या फायलीत जुनीच्या खाली चिकटली. भांडी घासताना गाडीबाई आता दोन ओळी म्हणते. पहिली अजून घडाघडा येते, दातांत धरून म्हणायची सवय आहे तिला. दुसरी म्हणताना 'कुलूप' या शब्दापाशी ती थांबते, आणि नणंद आतल्या खोलीतून म्हणते, "पुढे?"